हाउसिंग बेनिफिट चालू आहे आणि घरात काहीतरी बदललंय: कुणाला, कधी, काय कळवायचं?

दर शनिवारी सकाळी मी लंडनच्या वायव्य भागातल्या एका लायब्ररीत आपल्या ज्येष्ठांचे फॉर्म भरून द्यायला बसते. मी वकील नाही, काउन्सिलची माणूसही नाही. पण तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की आता लिहूनच काढलेले बरे. उदाहरणांतले आकडे समजण्यापुरते आहेत. नियम मात्र खरे आहेत आणि ते इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचे आहेत. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा, तिथे हे काम काउन्सिल नाही, हाउसिंग एक्झिक्युटिव्ह बघतं.

हे माझ्यासाठी आहे का? मला नक्की काय मिळतं तेच कळत नाही.

बँकेचं स्टेटमेंट काढा, नाहीतर भाड्याचा हिशेब बघा. भाड्याची मदत काउन्सिलकडून येत असेल तर ते हाउसिंग बेनिफिट. महिन्यातून एकदा डीडब्ल्यूपीकडून (केंद्र सरकारच्या पेन्शन-बेनिफिट खात्याकडून) सगळी रक्कम एकत्र येत असेल तर ते युनिव्हर्सल क्रेडिट. हाउसिंग बेनिफिटसाठी नवा अर्ज आता मुख्यतः स्टेट पेन्शनचं वय उलटलेल्यांनाच करता येतो. सपोर्टेड (देखभालीची सोय असलेल्या) किंवा तात्पुरत्या घरात राहणारे हा त्याला अपवाद. स्टेट पेन्शनचं वय बरीच वर्षं 66 होतं, एप्रिल 2026 ते एप्रिल 2028 या काळात ते टप्प्याटप्प्याने 67 होतंय. आपल्याकडचे आजी-आजोबा बहुतेक हाउसिंग बेनिफिटवाले, म्हणून हे पान त्यांना धरून लिहिलंय. युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांसाठी खाली एक प्रश्न वेगळा ठेवलाय.

कोणकोणत्या गोष्टी कळवायच्या?

घरात कोण राहतं, पैसे किती येतात, साठलेत किती, भाडं किती आणि तुम्ही त्या घरात खरोखर राहता का, या पाचांपैकी कशातही फरक पडला की कळवायचं. मुलगी परत राहायला आली, भाडेकरू ठेवला, नवरा गेला, नोकरीचे तास कमी झाले, भारतातून वारशाचे पैसे आले, घरमालकाने भाडं वाढवलं, हॉस्पिटलात जास्त दिवस राहावं लागलं, चार आठवड्यांहून जास्त परदेशी जाताय, हे सगळं त्यात आलं.

लोक एक चूक हमखास करतात. बदल आपल्या फायद्याचा आहे की तोट्याचा, ते आपणच ठरवतात आणि मग गप्प बसतात. तुमचं काम तारखेसकट सांगण्याचं. त्याचा परिणाम काय होतो ते काउन्सिलने ठरवायचं.

किती दिवसांत सांगायचं?

शक्य तितक्या लवकर, आणि एका महिन्याच्या आत हे पक्कं लक्षात ठेवा. बेनिफिट वाढणार असेल तर या महिन्याला फार किंमत आहे. महिन्याच्या आत सांगितलंत तर बदल झाला तिथपासून धरतात. नंतर सांगितलंत तर सांगितल्यापासून, मधले पैसे बुडाले. एका आजोबांचा मुलगा जानेवारीत वेगळा राहायला गेला. त्याच्यापोटी दर आठवड्याला बेनिफिटमधून कपात होत होती (ती का होते ते पुढे सांगते), ती बंद व्हायला हवी होती. आजोबांनी जूनमध्ये कळवलं, तेही दुसऱ्याच कामासाठी आले होते म्हणून. पाच महिन्यांची कपात फुकट गेली. आजारपण, घरातला मृत्यू असं सबळ कारण असेल तर 13 महिन्यांपर्यंतचा उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण सहसा चालत नाही.

बेनिफिट कमी होणार असेल तर गणित सोपं आहे: बदल झाला तेव्हापासूनच कमी धरतात, तुम्ही कधीही सांगा. उशीर केला की तेवढं ओव्हरपेमेंट, म्हणजे हक्कापेक्षा जास्त आलेले पैसे, साचत जातं.

पेन्शन सर्व्हिसला फोन करून सांगितलं होतं. काउन्सिलला आपोआप कळत नाही का?

काही गोष्टी कळतात. पेन्शन सर्व्हिस ही डीडब्ल्यूपीचीच शाखा, आणि डीडब्ल्यूपीकडून काउन्सिलला पेन्शन, पगार, बेनिफिटची माहिती कॉम्प्युटरवरून जाते. पण ‘सरकारला सांगितलंय म्हणजे सगळ्यांना सांगितलंय’ असं धरून चालू नका. 2005 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) एका खटल्यात हेच सांगितलं की एका खात्याला माहिती आहे म्हणून दुसऱ्याला कळवण्याची जबाबदारी टळत नाही. त्या खटल्यातली दोन्ही कार्यालयं तर एकाच डिपार्टमेंटची होती!

पेन्शन क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी भर. त्यातलं गॅरंटी क्रेडिट (उत्पन्न किमान पातळीपर्यंत आणणारा भाग) मिळत असेल तर उत्पन्न आणि बचत पेन्शन सर्व्हिसला कळवायची, काउन्सिल त्यांचाच निर्णय धरतं. पण भाडं, घरात कोण राहतं आणि तुम्ही घरी आहात की नाही, हे काउन्सिललाच सांगायचं. माझा सल्ला: दोन्हीकडे सांगा. जास्त सांगितलं म्हणून आजवर कुणाचं बिघडलेलं मी पाहिलं नाही.

थंडीत तीन महिने पुण्याला जातो, दरवर्षीच. ते सांगायचं कशाला? घर तर चालूच असतं, सामान तिथेच असतं.

आपल्या लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

28 जुलै 2016 पासून ग्रेट ब्रिटनच्या बाहेर गेलात तर हाउसिंग बेनिफिट जास्तीत जास्त चार आठवडे चालू राहतं. आधी हे 13 आठवडे होतं. त्यामुळे जुने लोक अजून ‘तेरा आठवडे चालतात हो’ असं एकमेकांना सांगत असतात. गोंधळाला आणखी एक कारण आहे: अटेंडन्स अलाउन्स (देखभालीची गरज असलेल्या ज्येष्ठांचा भत्ता) तात्पुरतं परदेशी गेल्यावर अजूनही 13 आठवडे चालू राहतो. एकाच घरात एकाच माणसाला दोन बेनिफिट, दोघांचे नियम वेगळे. स्टेट पेन्शनला तर अशी मर्यादाच नाही, ती भारतात बसूनही मिळते. (भारतात कायमचं राहायला गेलात तर ती दरवर्षी वाढत नाही, गोठते. पण तो वेगळा विषय झाला.) पेन्शन क्रेडिट मात्र हाउसिंग बेनिफिटसारखंच, चार आठवडे.

आता यातली खरी मेख. पहिले चार आठवडे मिळतात आणि मग बंद होतं, असं नाही. निघतानाच तुमचा बेत चार आठवड्यांहून जास्त असेल तर बेनिफिट निघालात त्या दिवसापासूनच बंद. समजा भाड्यासाठी आठवड्याला 120 पौंड मिळतात आणि तुम्ही 12 आठवड्यांचं परतीचं तिकीट काढून गेलात. आल्यावर काउन्सिल आठ आठवड्यांचे 960 नाही, बाराही आठवड्यांचे 1,440 पौंड मागणार. तिकिटावर दोन्ही तारखा छापलेल्या असतात, त्यामुळे ‘बेत नव्हता’ असं म्हणायला जागा उरत नाही.

25 दिवसांचं तिकीट होतं आणि तिथे जाऊन पाय मोडला, तर गोष्ट वेगळी. चार आठवडे उलटणार हे ज्या दिवशी स्पष्ट झालं तोपर्यंत तुमचा मुद्दा टिकतो. पण त्याच दिवशी मुलाला सांगून काउन्सिलला ईमेल करायला लावा. मूळ तिकीट, हॉस्पिटलचे कागद, बदललेलं तिकीट, सगळं जपून ठेवा.

वैद्यकीय उपचारासाठी जात असाल तर 26 आठवड्यांपर्यंत मुभा मिळू शकते, पण तो खरोखर डॉक्टरी उपचार किंवा डॉक्टरने सांगितलेली विश्रांती असली पाहिजे आणि ते निघण्याआधी कळवायला हवं. कोकणातल्या रिसॉर्टवर पंचकर्म करून आलात तर ते आपोआप यात बसत नाही.

परत आल्यावर नवा अर्ज करावा लागतो. पेन्शनचं वय झालेल्यांना तो करता येतो. ज्यांचं वय अजून झालेलं नाही आणि जुनं हाउसिंग बेनिफिट कसंबसं चालू आहे, त्यांचं मात्र ते कायमचं गेलं समजा. परतल्यावर युनिव्हर्सल क्रेडिटलाच जावं लागतं. अशांनी तिकीट काढण्याआधी कुणातरी जाणकाराशी बोलावं.

आणि हो, काउन्सिल टॅक्समध्ये जी सूट मिळते तिच्यावरही याचा परिणाम होऊ शकतो. एकाच पत्रात दोन्ही विचारून टाका.

आई गेली म्हणून तातडीने निघावं लागलं. तरी चारच आठवडे?

नाही. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी गेलात आणि चार आठवड्यांत परत येणं तुमच्याकडून अपेक्षित धरणं रास्त नसेल, तर आणखी चार आठवडे मिळतात. एकूण आठ. जवळचे म्हणजे नवरा-बायको, आईवडील, सासू-सासरे, मुलं, सुना-जावई, भाऊ-बहीण. तुमच्या जोडीदाराच्या बाजूचेही धरतात. काका, मावशी, चुलतभाऊ यांत येत नाहीत, कितीही एकत्र वाढलेले असा.

ही वाढ मागावी लागते आणि कारण सांगावं लागतं. दहावा-तेरावा चार आठवड्यांत उरकतो, पण वारसनोंद तलाठ्याकडे तेवढ्यात होत नाही, बँकेची कामंही होत नाहीत. ते सगळं दिवसवार लिहून द्या. मृत्यूचा दाखला मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. वर्षश्राद्धाला पुन्हा गेलात तर ती नवी फेरी, आणि चार आठवड्यांत परतायचंच.

मुलगा नोकरी गेली म्हणून आमच्याकडे राहायला आलाय. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

‘दोन-तीन महिने’ हे मी दोन-तीन वर्षं ऐकलंय. सांगा.

सज्ञान मूल किंवा दुसरं कुणी मोठं माणूस तुमच्या घरात राहतं तेव्हा त्याला नॉन-डिपेंडंट म्हणतात, आणि तो भाड्याला हातभार लावतो असं गृहीत धरून तुमच्या बेनिफिटमधून कपात होते. त्याने प्रत्यक्षात एक पैसा दिला नाही तरी होते. कपात किती, हे त्याच्या कमाईवर अवलंबून. पगाराची स्लिप दाखवली नाही तर काउन्सिल सगळ्यात जास्त दराने कपात करू शकतं, म्हणून मुलाला कागद द्यायला लावा. घरातली अर्धी भांडणं मी या स्लिपवरून होताना बघितलीत. ‘माझा पगार आईच्या काउन्सिलला कशाला?’ असं तो म्हणतो, आणि कपात आईच्या खात्यातून होते.

पण सूटही बऱ्याच आहेत आणि त्या लोकांना माहीत नसतात. तुम्हाला किंवा जोडीदाराला अटेंडन्स अलाउन्स मिळत असेल तर कपात होत नाही. अपंगत्वाच्या भत्त्यांपैकी पीआयपीचा रोजच्या जगण्याचा भाग किंवा डीएलएचा केअरचा भाग मिळत असेल तरीही नाही. 18 वर्षांखालच्या मुलापोटी होत नाही. आणि तुम्ही किंवा तुमचा जोडीदार 65 किंवा त्याहून मोठे असाल, तर नव्याने राहायला आलेल्या माणसापोटीची कपात 26 आठवडे पुढे ढकलली जाते. म्हणजे मुलगा खरंच तीन महिन्यांत गेला तर तुमचं काहीच जात नाही. लपवून काय मिळवलंत?

एक धोका मात्र आहे. एकटं राहणाऱ्या आणि अटेंडन्स अलाउन्स घेणाऱ्या माणसाला पेन्शन क्रेडिटमध्ये गंभीर अपंगत्वाची जादा रक्कम मिळते. मुलगा राहायला आला की ती बहुधा बंद होते. म्हणून हा बदल पेन्शन सर्व्हिसलाही कळवायचाच.

भारतातून भाऊ-वहिनी व्हिजिटर व्हिसावर आलेत. त्यांच्यापोटी कपात?

त्यांचं घर भारतात आहे, ते पाहुणे आहेत. पाहुणा नॉन-डिपेंडंट होत नाही. पत्रव्यवहार तुमच्या पत्त्यावर यायला लागला, मुक्काम लांबत गेला, तर प्रश्न विचारले जातील. तिकिटाची प्रत ठेवा.

बचत किती झाली की सांगायचं? भारतातली एफडी धरतात का? सोनं?

पेन्शनचं वय झालेल्यांना 10,000 पौंडांपर्यंतची बचत माफ असते. त्यापुढच्या प्रत्येक 500 पौंडांमागे (किंवा त्याच्या भागामागे) आठवड्याला 1 पौंड उत्पन्न आहे असं धरतात. 16,000 च्या वर गेलात की हाउसिंग बेनिफिट बंद. गॅरंटी क्रेडिट मिळत असेल तर मात्र ही 16,000 ची मर्यादा लागू नाही.

उदाहरण बघा: बचत 14,200. वरचे 4,200, म्हणजे 500 चे आठ पूर्ण आणि एक अर्धवट, मिळून 9 पौंड. उत्पन्न एवढं वाढलं की बेनिफिट 65 टक्के दराने घटतं, म्हणजे आठवड्याला जास्तीत जास्त 5 पौंड 85 पेन्स. एवढ्यासाठी रात्रीची झोप घालवू नका. पेन्शनचं वय न झालेल्यांना हिशेब कडक आहे: 6,000 पासून सुरू, दर 250 मागे 1 पौंड.

भारतातली खाती धरतात. एनआरई, एनआरओ, पोस्टातली ठेव, सगळं. ‘तिकडचं इकडे कुणाला कळतंय’ हे जुनं झालं. 2017 पासून दोन्ही देश परदेशी रहिवाशांच्या बँकखात्यांची माहिती एकमेकांच्या करखात्यांना दरवर्षी आपोआप पाठवतात.

सोन्याचं: अंगावरचे, लॉकरमधले दागिने वैयक्तिक वस्तू म्हणून धरत नाहीत. आईच्या पाटल्या कुणी मोजायला येत नाही. मात्र बचत 16,000 च्या खाली दाखवायला मुद्दाम सोनं घेतलंत तर ते पैसे अजून तुमच्याकडेच आहेत असं धरतील. नातीच्या लग्नात एकदम 8,000 पौंड दिले तरी हाच प्रश्न येतो. देऊ नका असं नाही, पण का दिले आणि कधी ठरलं होतं ते सांगता यायला हवं. एलआयसीच्या विमा पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू बचतीत धरत नाहीत. पण ती मुदत भरून पैसे खात्यात आले की धरतात, आणि तो बदल कळवायचा.

वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय. विकायची नाही, वाटणीही झालेली नाही.

तरी कळवायचं. परदेशातली मालमत्ताही भांडवलातच मोजली जाते. पण घाबरून जाऊ नका, कारण तिची किंमत जशी तुम्हाला वाटते तशी लागत नाही.

पहिलं म्हणजे तुमच्या हिश्श्याचीच किंमत बघतात, अख्ख्या वाड्याची नाही. पाच भावंडांच्या अविभक्त जमिनीतला एक हिस्सा बाहेरचं कोण घेणार? घेतला तरी किती देणार? बाजारात त्या हिश्श्याला खरं मोल किती, हा प्रश्न आहे. त्यातून विक्रीचा खर्च म्हणून 10 टक्के वजा, आणि त्या मालमत्तेवर कर्ज असेल तर तेही वजा. दुसरं, शेतजमीन असेल तर परकीय चलनाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीय किंवा ओसीआय ती फक्त भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकू शकतो. ही अडचण पत्रात लिहा, कारण गिऱ्हाइकं कमी म्हणजे किंमत कमी. तिसरं, त्या घरात तुमचा पेन्शनच्या वयाचा किंवा अपंग नातेवाईक राहत असेल तर ते घर हिशेबातूनच वगळतात. साताऱ्याच्या वाड्यात 74 वर्षांचा भाऊ राहतोय, तर हे आवर्जून सांगा. चौथं, विकायचे खरे प्रयत्न चालू असतील तर 26 आठवडे, आणि गरज असेल तर त्याहून जास्त काळ, मालमत्ता वगळता येते.

एक मावशी माझ्याकडे सातबारा घेऊन आल्या होत्या. नऊ नावं, तीन गट नंबर, एका नावापुढे ‘मयत’, दुसरीकडे पीककर्जाचा बोजा. काउन्सिलच्या माणसाला ते काय डोंबल कळणार? आम्ही भाषांतर केलं, शिवाय एका पानावर वंशावळ काढली: आजोबा, त्यांची तीन मुलं, कुणाकुणाची किती, मावशींचा हिस्सा कुठे येतो. काउन्सिलने शेवटी त्यांच्या हिश्श्याची जी किंमत धरली त्याने बेनिफिटला धक्काही लागला नाही. त्याआधी चार वर्षं त्या रोज घाबरत होत्या.

भारतातली पेन्शन मिळते, रुपयांत. महागाई भत्ता वाढला की दर वेळी कळवायचं?

हो. ती उत्पन्नात धरतात, पौंडात करून. पैसे इथे आणताना बँक रूपांतराचं जे कमिशन घेते ते वजा करायला सांगा. ते आपणहून फार क्वचित कुणी करतं.

पुन्हा लग्न करतोय. मी 70 चा, ती 58 ची, भारतातून येणार आहे.

अभिनंदन. आणि लग्नाआधी सल्ला घ्या, नंतर नाही.

दोघांपैकी एकाचं वय झालेलं आणि एकाचं नाही, अशा जोडप्यांचे नियम 15 मे 2019 पासून बदलले. सर्वसाधारणपणे अशा जोडप्याला पेन्शन क्रेडिट आणि हाउसिंग बेनिफिट नव्याने मिळत नाही, युनिव्हर्सल क्रेडिटकडे जावं लागतं, आणि ते बऱ्याचदा कमी असतं. त्यात तिच्या व्हिसावर ‘सरकारी निधी नाही’ अशी अट असेल तर गुंता आणखी वाढतो. तिच्यामुळे तुमचं बेनिफिट वाढलं तर तिच्याच व्हिसाची अट मोडू शकते. इमिग्रेशन आणि बेनिफिट दोन्ही कळणाऱ्या सल्लागाराकडे जा. इथे मी उत्तर देणार नाही, कारण माणसागणिक ते बदलतं.

लग्न न करता एकत्र राहत असाल तरी जोडपंच धरतात.

यजमान गेले. काय काय करायचं?

मृत्यूची नोंद करताना रजिस्ट्रार ‘टेल अस वन्स’ ही सोय सांगतात. तिथून डीडब्ल्यूपी, करखातं, काउन्सिल अशा बऱ्याच ठिकाणी एकदम कळवता येतं. ते करा, पण महिन्याभरात काउन्सिलला एक फोन करून हाउसिंग बेनिफिटच्या टेबलापर्यंत बातमी पोचलीय ना, तेही विचारा. टेनन्सी यजमानांच्या नावावर होती का, अर्ज कुणाच्या नावावर होता, ते बघा. अर्ज त्यांच्या नावाचा असेल तर तुम्हाला स्वतःचा लगेच करावा लागेल.

खाजगी घरमालकाकडे राहत असाल तर माणूस कमी झालं म्हणून मंजूर भाडं लगेच कमी होऊ नये, यासाठी वर्षभराचं संरक्षण आहे. काउन्सिल विसरलं तर आठवण करून द्या.

घर बदलतोय.

त्याच काउन्सिलच्या हद्दीत असेल तर नवा पत्ता, नवं भाडं, टेनन्सीचा करार आणि किल्ल्या मिळाल्याची तारीख द्या. दोन्ही घरांचं भाडं टाळताच येत नसेल तर चार आठवड्यांपर्यंत दोन्हींचं मागता येतं.

दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीत गेलात की जुनं बेनिफिट संपतं, नव्या ठिकाणी नवा अर्ज. पेन्शनच्या वयाच्या खालच्यांना तिथे हाउसिंग बेनिफिट मिळत नाही, युनिव्हर्सल क्रेडिट घ्यावं लागतं. लेकीजवळ राहावं म्हणून रस्त्याच्या पलीकडे गेले आणि पलीकडची बाजू दुसऱ्या बरोची निघाली, असंही झालंय.

भाडं वाढलं तर?

काउन्सिलचे भाडेकरू असाल तर त्यांनाच माहीत असतं. हाउसिंग असोसिएशनचं पत्र मात्र स्वतः पाठवा. खाजगी भाड्यात मदतीला त्या भागाच्या लोकल हाउसिंग अलाउन्सची मर्यादा असते, त्यामुळे भाडं 100 ने वाढलं म्हणून मदत 100 ने वाढेलच असं नाही.

कळवायचं कसं? फोन केला तर चालतो का?

बऱ्याच काउन्सिलांच्या वेबसाइटवर यासाठी ऑनलाइन फॉर्म असतो. पत्र, ईमेल, काउंटरवर जाऊन, हेही चालतं. फोन केलात तरी मागोमाग लेखी पाठवा. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे ‘मी सांगितलं होतं’ म्हणतात, आणि कुणाला सांगितलं, कधी, हे एकालाही सांगता येत नाही.

माझी पद्धत सांगते. शंभर पानी साधी वही. एका पानावर एक बदल: काय झालं, कुठल्या तारखेला, कळवलं कधी, फोनवर कोण बोललं, त्याने दिलेला संदर्भ नंबर. ऑनलाइन फॉर्म पाठवला की शेवटी जो नंबर येतो त्याचा मोबाइलवर फोटो. काउंटरवर कागद दिले तर त्यांच्या शिक्क्याची पोच. मूळ कागद टपालाने पाठवू नका.

आणि काउन्सिलची पाकिटं उघडा! एक काकू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात 11 पाकिटं घेऊन आल्या होत्या, सगळी बंद, वर रबर बँड. सातव्यात उत्पन्नाचे कागद मागितले होते, नवव्यात बेनिफिट थांबवल्याचं कळवलं होतं. अपील करायची मुदत दहाव्या पाकिटापर्यंत उलटूनही गेली होती.

सांगायचं राहून गेलंय, दीड वर्ष झालं. आता सांगितलं तर तुरुंगात टाकतील का?

आपणहून सांगणारा आणि पकडला जाणारा यांत फार फरक आहे. निष्काळजीपणामुळे कळवायचं राहिलं आणि ओव्हरपेमेंट झालं तर 50 पौंडांचा दंड लावता येतो, वर जास्तीचे पैसे परत. जाणूनबुजून लपवलं असा संशय असेल तर प्रकरण डीडब्ल्यूपीच्या फ्रॉड तपासाकडे जातं. तिथे खटल्याऐवजी दंड भरण्याचा पर्याय दिला जाऊ शकतो: ओव्हरपेमेंटच्या निम्मा, किमान 350 आणि कमाल 5,000 पौंड. ‘मुलाखतीला या, संभाषण रेकॉर्ड होईल’ असं पत्र आलं असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नका, आणि घाबरून कशावरही सही करू नका. बाकी सगळ्यांनी उद्या सकाळी कळवून टाका. दीड वर्षाचं दोन वर्षं होऊ देऊ नका.

ओव्हरपेमेंटचं पत्र आलंय. भरूनच टाकायचं?

आधी हिशेब तपासा. तीन गोष्टी बघायच्या. चूक काउन्सिलची किंवा डीडब्ल्यूपीची होती आणि पैसे जास्त येतायत हे तुमच्या लक्षात येणं रास्त अपेक्षित नव्हतं, तर ती रक्कम वसूल करता येत नाही. दुसरं, तुम्ही वेळेत सगळं सांगितलं असतं तर त्या काळात जेवढं बेनिफिट मिळालंच असतं, तेवढं वजा करायला हवं. हे मागा, कारण मुलाच्या पगाराची स्लिप आता दिली तरी जुनी कपात कमी होऊन रक्कम बरीच खाली येऊ शकते. तिसरं, वसुलीचा हप्ता झेपत नसेल तर घरखर्चाचा तक्ता देऊन तो कमी करून घेता येतो.

निर्णय पटत नसेल तर पत्राच्या तारखेपासून एका महिन्यात फेरविचार मागा किंवा थेट अपील करा. हाउसिंग बेनिफिटमध्ये आधी फेरविचार मागण्याची सक्ती नाही. अपील काउन्सिलकडेच द्यायचं, ते पुढे ट्रायब्युनलकडे पाठवतात. तिथे फी नाही, आणि मराठी दुभाषी मागितला तर तोही फुकट मिळतो.

मला युनिव्हर्सल क्रेडिट मिळतं. हे सगळं मलाही लागू आहे का?

कळवायची जबाबदारी तीच, पण काउन्सिलला नाही, तुमच्या ऑनलाइन खात्यातून डीडब्ल्यूपीला. बचतीची मर्यादा 6,000 ते 16,000. परदेशी एक महिना. बदल महिन्याच्या मध्ये झाला तरी सहसा तो अख्ख्या हिशेबाच्या महिन्याला लागतो, म्हणून घर सोडणार असाल तर आपला हिशेबाचा महिना कधी सुरू होतो ते बघून तारीख ठरवा. काउन्सिल टॅक्सची सूट मात्र काउन्सिलकडेच असते, तिथे वेगळं कळवायचं.

इंग्रजी बोलता येत नाही, मुलं दिवसभर कामावर. कुणाकडे जाऊ?

काउन्सिलकडे दुभाषी मागा. फोनवर ‘मराठी’ एवढा एक शब्द म्हटलात तरी पुष्कळदा ते जोडून देतात. हिंदीवर भागत असेल तर लवकर मिळतो. सिटिझन्स ॲडव्हाइस आणि एज यूके दोन्हीकडे सल्ला फुकट आहे. जाताना ते काउन्सिलचं शेवटचं पत्र, बँकेची दोन महिन्यांची स्टेटमेंट, टेनन्सीचा कागद आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर एका पिशवीत घालून न्या. भारतात जायचं असेल तर तिकीटही. काढलेलं नसेल तर उत्तमच, आधी या.